पोट शांत, डोकं नाही

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, सहा वर्षं झाली. (आयबीएस, म्हणजे सूज नसताना पोट बिघडत राहणं, ते नाही; हा आयबीडी. आतड्याला खरोखर सूज येते, जखमा होतात, रक्त जातं. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की लोक ईसबगोल सुचवतात.) गेल्या वर्षी कोलोनोस्कोपी चांगली आली, स्टूलचा कॅलप्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारी तपासणी) नॉर्मल, डॉक्टर म्हणाले रेमिशन, म्हणजे आजार शांत आहे. आणि मी तरी डोंबिवलीहून लोकल पकडू शकत नव्हते.

कारण लोकलमध्ये संडास नसतो. एवढंच. फ्लेअरमध्ये, म्हणजे आजार उफाळलेला असताना, एकदा गाडीत जे झालं ते झालं, त्यानंतर मी सकाळी काहीच खायचे नाही, बॅगेत जास्तीची सलवार, आणि शेवटी वर्क फ्रॉम होम मागून घेतलं.

डॉक्टरांनीच सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं. मला रागच आला, म्हणजे आता हे सगळं मनाचं का? आई वेगळंच, "टेन्शन घेऊ नको म्हटलं की झालं, त्याला पैसे कशाला द्यायचे?"

मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं की याने आतड्याची सूज जाईल असं काही मी म्हणणार नाही, मेसालामाईन (सुजेवरची गोळी) चालूच ठेवायची. मला बरं वाटलं ते ऐकून, कारण इंटरनेटवर सगळे ध्यान करून कोलायटिस बरा करत असतात. थेरपीने भीती, उदासी आणि रोजचं जगणं थोडंफार सुधारतं, सूज कमी होते याचा पक्का पुरावा नाही.

त्यांची थेरपी सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी तपासून बदलायच्या. माझ्या बाबतीत ती म्हणजे वही आणि स्टेशनं. रेमिशनमध्ये गाडीत किती वेळा कपडे खराब झाले? शून्य. आणि रोज किती वेळा होतील असं वाटतं? पानं भरली. मग नुसतं कोपरपर्यंत जायचं आणि परत यायचं, पोटात कळ आली तरी लगेच उतरायचं नाही, थांबून बघायचं ती कळ आहे की नुसती घाबरल्यावर होते ती गुडगुड, कारण आतडं आणि मेंदू नसांनी जोडलेले, तेव्हा भीतीनेसुद्धा पोट हलतंच. मग दिवा. मुंब्र्याला एकदा रडले. ठाण्याला दीड महिना लागला.

फी जड जाते हे खरंय. मधल्या काळात टेलिमानसच्या 14416 वर दोनदा बोलले, तो सरकारी नंबर फुकट आहे. त्यांना कोलायटिस समजावून सांगायला लागला, पण रात्री अकराला कोणीतरी ऐकत होतं.

परवा पोहे खाऊन घाटकोपरपर्यंत गेले. दादर बाकी आहे.