क्रेग सेगर आणि साइडलाइनची नोकरी

एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगची, जुनी मॅच लावली की क्वार्टर संपल्यावर मी व्हिडिओ पुढे ढकलायचो. तिथे काय असायचं तर वैतागलेला कोच, शेजारी माइक घेऊन उभा एक माणूस, दोन प्रश्न, दोन तुटक उत्तरं, संपलं. हल्ली मी नेमका तेवढ्यासाठीच थांबतो आणि हे झालं क्रेग सेगरमुळे, मैदानाच्या कडेला, म्हणजे साइडलाइनला, माइक घेऊन उभा राहणाऱ्या टीव्ही रिपोर्टरमुळे.

सेगर बहुतेकांना त्याच्या कोटांमुळे माहीत असतो, गुलाबी काय, पोपटी काय, फुलाफुलांचे काय. केव्हिन गार्नेट या खेळाडूने तर त्याला कॅमेऱ्यासमोर सांगितलेलं की घरी जा आणि हे कपडे जाळून टाक. पण आपण कोटांपाशीच थांबलो की त्याचं काम बघायचं राहून जातं, आणि मला लिहायचंय ते कामाबद्दल.

8 एप्रिल 1974, अटलांटा. बेसबॉलपटू हँक आरनने 715वा होमरन मारला आणि बेब रूथचा 714चा रेकॉर्ड मोडला. ते फुटेज शोधून बघा, होम प्लेटपाशी खेळाडूंच्या गर्दीत फिकट रंगाचा ट्रेंचकोट घातलेला एक पोरगा माइक पुढे करून घुसलेला दिसतो, तो 22 वर्षांचा सेगर, फ्लोरिडातल्या एका छोट्या रेडिओ स्टेशनवर काम करणारा. मजा म्हणजे त्याच 1974 साली एबीसी चॅनलने कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलसाठी जिम लॅम्पली आणि डॉन टॉलेफसन या दोन तरुणांना मैदानाच्या कडेला उभं केलं, म्हणजे टीव्हीवर ही नोकरी नुकती जन्माला येत होती आणि इकडे हा पोरगा कुणी न सांगताच ती करत होता.

ही नोकरी नक्की असते काय? आदल्या दिवशी कोच आणि खेळाडूंसोबत मीटिंग, मॅचआधी वॉर्मअप बघायचा, कोण पाय जपून टाकतोय, कोण फिजिओशी जास्त बोलतोय ते टिपायचं, वहीभर नोंदी करायच्या आणि त्यातल्या बहुतेक हवेत कधी जातच नाहीत, कारण बाहेर ओबी व्हॅनमध्ये, म्हणजे प्रक्षेपणाच्या गाडीत, बसलेला प्रोड्युसर कानात म्हणाला की वेळ नाही तर वेळ नाही. म्हणाला की आत्ता, तर समोर टेलिप्रॉम्प्टर नाही, मागे वीस हजार लोक ओरडतायत, कानात दुसराच माणूस बोलतोय आणि तुम्ही वीसेक सेकंदांत एक धड गोष्ट सांगून कॉमेंटेटरकडे परत द्यायची. एखादा खेळाडू जखमी झाला तर कॉमेंटेटर वर बसलेले असतात, त्यांना मॉनिटरवर जेवढं दिसतं तेवढंच, खाली उभी असलेली व्यक्ती मात्र बघते की तो स्वतः चालत आत गेला की धरून नेला.

बायकांना तर त्या कडेपर्यंत पोचायलाच किती वर्षं गेली. लेस्ली व्हिसर 70च्या दशकात पेपरसाठी एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची लीग कव्हर करायची, तिच्या पासवरच लिहिलेलं असायचं की प्रेस बॉक्समध्ये बायका आणि मुलांना प्रवेश नाही. लॉकर रूम बंद, मग ती खेळाडूंसाठी पार्किंगमध्ये थांबायची. तिथे एकदा टेरी ब्रॅडशॉ या खेळाडूने तिची वही घेतली आणि ऑटोग्राफ देऊन परत केली, त्याला वाटलं फॅन आहे. तीच व्हिसर 1995मध्ये सुपर बोलच्या, म्हणजे एनएफएलच्या फायनलच्या, साइडलाइनवरून रिपोर्टिंग करणारी पहिली बाई ठरली.

आता प्रश्न विचारण्याबद्दल, कारण मला वाटतं खरी कला तिथे आहे. हरत असलेल्या कोचला बोलायचं नसतं, लीगचा नियम म्हणून तो उभा असतो. एनबीएतल्या स्पर्स टीमचा तेव्हाचा कोच ग्रेग पोपोविच यात कुप्रसिद्ध, एकदा दोन्ही प्रश्नांना त्याचं उत्तर एकच शब्द, टर्नओव्हर्स, म्हणजे हातातला बॉल गमावणं. अशा माणसाला "आज कसं वाटतंय" विचारून काही मिळत नाही, आत्ता दोन मिनिटांपूर्वी डिफेन्स का बदललात असं नेमकं विचारलं तरच काही हाती लागतं, आणि तसं विचारायला तुम्ही मॅच त्याच्याइतकीच बारकाईने बघितलेली असावी लागते. सेगर बघायचा. पोपोविच त्याला टोचायचा, कोटावरून बोलायचा, पण टाळायचा नाही.

म्हणून 2023मध्ये अमेरिकेत एका ओळखीच्या टीव्ही चेहऱ्याने सांगितलं की पूर्वी साइडलाइनवर असताना हाफटाइमला कोच भेटला नाही तर ती कधीकधी रिपोर्ट मनानेच रचायची, तेव्हा तिच्या सहकाऱ्यांना इतका राग आला, आणि मलाही आला. त्याच वर्षी 2 जानेवारीला सिनसिनाटीत एनएफएलचा खेळाडू डामार हॅमलिन मॅच चालू असताना मैदानावर कोसळला होता, त्याला तिथेच सीपीआर दिला गेला, आणि खाली ईएसपीएन चॅनलची साइडलाइन रिपोर्टर लिसा सॉल्टर्स उभी होती. घरी बसलेल्या लाखो लोकांना ती जे सांगेल त्यावर विश्वास ठेवायचा होता, आणि तिने जे दिसलं तेवढंच सांगितलं. असा प्रसंग येणार हे सकाळी कुणाला माहीत असतं?

सेगरला एप्रिल 2014मध्ये ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, झाल्याचं कळलं. त्या वर्षीच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझनच्या शेवटच्या बाद फेऱ्यांत, त्याच्या जागी एका मॅचला त्याचा मुलगा माइक घेऊन उभा राहिला, समोर पोपोविच. पोपोविच म्हणाला पोराने छान काम केलं, आणि मग थेट कॅमेऱ्यात बघून सेगरला म्हणाला की तू परत ये, मी नीट वागेन. मी हे कितीदा बघितलंय ते मोजलं नाही, दरवेळी डोळ्यांत पाणी येतं.

तो परत आला, आजार पुन्हा उलटला तरी येत राहिला. त्याचं चॅनल टीएनटी, फायनल्सचे हक्क दुसऱ्यांकडे, त्यामुळे इतक्या वर्षांत फायनलची एकही मॅच त्याच्या वाट्याला आली नव्हती. 16 जून 2016ला ईएसपीएनने त्याला क्लीव्हलंडला फायनल्सच्या सहाव्या मॅचसाठी बोलावलं. क्लीव्हलंड जिंकलं, मॅचनंतर सेगर नेहमीसारखा माइक घेऊन क्लीव्हलंडच्या लेब्रॉन जेम्ससमोर उभा राहिला, आणि मुलाखत संपता संपता लेब्रॉननेच त्याला उलटा प्रश्न केला, तीस-तीस वर्षं काम करून तुला एकही फायनल मिळू नये, हे कसं काय?

त्याच डिसेंबरमध्ये सेगर गेला. 65 वर्षांचा होता.