पासष्टांतला पहिला फॉल्ट

लिनक्सवर चालणारा, रिक्वेस्ट हाताळणारा एक प्रोग्राम: ६४ थ्रेड, तेवढेच कोअर, तरी सीपीयू निम्मा रिकामा. थ्रेड ३२ वर आणले की कामाचा वेग उलट वाढायचा. अशा वेळी डिस्क आणि नेटवर्क बाजूला ठेवून आधी लॉक तपासावं. पर्फ या मोजमापाच्या साधनाने थांबलेल्या थ्रेडचे स्टॅक काढले, तर बहुतेक सगळे पेज फॉल्टच्या वाटेवर (मेमरीचं पान पहिल्यांदा वापरताना कर्नल ते पुरवतो तो क्षण), एममॅप लॉकसमोर, म्हणजे प्रोसेसच्या मेमरी नकाशावरच्या एकमेव लॉकसमोर, रीडरच्या रांगेत. कर्नल ५.१५.

फॉल्टला हे लॉक फक्त वाचण्यापुरतं लागतं, त्यामुळे फॉल्ट एकमेकांना अडवत नाहीत. अडवतो तो नकाशा बदलणारा रायटर: एममॅप (मेमरी मागणं), एमअनमॅप (परत करणं), एमप्रोटेक्ट (परवानग्या बदलणं). शिवाय रायटर रांगेत लागला की मागून येणारे रीडरही खोळंबतात. कर्नलला केलेले कॉल दाखवणाऱ्या एसट्रेसमध्ये रायटर लगेच सापडला. प्रत्येक रिक्वेस्टला एक एममॅप, एक एमअनमॅप, लांबी २,६६,२४० बाइट. म्हणजे ४ केबीची ६५ पानं. बफर २५६ केबीचा, ६४ पानांचा. पण मॅलॉकचा, म्हणजे प्रोग्रामला मेमरी वाटून देणाऱ्या फंक्शनचा, १६ बाइटचा हेडर पुढे बसतो आणि बफरचं शेपूट पासष्टाव्या पानावर जातं. पूर्ण बफर भरला की ६५ फॉल्ट, दर रिक्वेस्टला.

लॉक न घेता फॉल्ट सोडवण्याची कल्पना जुनी आहे. कर्नल डेव्हलपर पीटर झाइल्स्ट्रा यांनी २०१० मध्ये स्पेक्युलेटिव्ह फॉल्टचे पॅच मांडले होते: व्हीएमए (नकाशातल्या एका सलग पट्ट्याची नोंद) लॉकशिवाय वाचायचा, पान तयार करायचं, शेवटी सीक्वेन्स काउंटर (दर बदलाला वाढणारा आकडा) बदलला नसेल तरच पेज टेबलात (कोणत्या पत्त्यामागे कोणतं पान, हे सांगणाऱ्या तक्त्यात) नोंद करायची, बदलला असेल तर सगळं टाकून नेहमीच्या वाटेने जायचं. पुढे इतरांनीही प्रयत्न केले, पण मुख्य कर्नलमध्ये ते शिरलं नाही. मधल्या काळात खालून पेज टेबलच मोकळं झालं तर काय, ही धास्ती प्रत्येक पायरीवर सांभाळावी लागते. अखेर कर्नल ६.४ मध्ये, २०२३ साली, प्रत्येक व्हीएमएला स्वतंत्र लॉक आलं.

म्हणून ६.६ लावून पाहिला. फरक पडला, पण अपेक्षेपेक्षा कमी. व्हीएमए लॉकची आकडेवारी चालू करून कर्नल पुन्हा बांधला (हा पर्याय एरवी बंद असतो), तर अबॉर्टचा, म्हणजे व्हीएमए लॉकवर न भागलेल्या फॉल्टचा, आकडा रिक्वेस्टच्या संख्येबरोबर चढत होता. कारण ६.६ च्या कोडमध्येच आहे. नव्या अनामिक (मागे फाइल नसलेल्या) व्हीएमएला अजून अॅनन-व्हीएमए (अशा पानांचा माग ठेवणारी कर्नलची नोंद) जोडलेला नसेल, तर पहिला फॉल्ट एममॅप लॉकच्या जुन्याच वाटेने जातो. ती जोडणी करताना शेजारचे व्हीएमए पाहावे लागतात आणि त्यांचं लॉक हातात नसतं. ६५ पैकी ६४ सुटले, एक अडकला. आणि रायटर तर आपापसात अजून तसेच भांडत होते.

मूळ दोष कर्नलमध्ये नव्हताच. कोणीतरी मॅलॉकचा एममॅप थ्रेशोल्ड (ज्या आकारापासून तो थेट एममॅप करतो) एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून १,३१,०७२ बाइटवर बांधला होता, मेमरी लगेच परत जावी म्हणून. ग्लिबसीत (मॅलॉक जिच्यात असतो त्या सी लायब्ररीत) हा थ्रेशोल्ड हाताने ठरवला की त्याची आपोआप वाढ बंद होते. एरवी असा पहिला तुकडा फ्री होताच थ्रेशोल्ड त्याच्या आकाराइतका वर सरकतो आणि पुढचे बफर अरीनातून, म्हणजे मॅलॉकने राखलेल्या साठ्यातून, मिळतात. व्हेरिएबल काढला. अरीना वाढवताना एमप्रोटेक्ट लागतोच, म्हणून दर थ्रेडला एक कायमचा बफरही दिला. फॉल्ट आता थ्रेड सुरू होतानाच होतात. खर्च १६ एमबी.