गोदामातल्या ताईंच्या चार चिठ्ठ्या

आज ऑफिसात इव्हेंट स्टॉर्मिंग झालं. सॉफ्टवेअरसाठी धंदा नेमका कसा चालतो ते सगळ्यांनी मिळून समजून घ्यायची ही पद्धत, इटलीच्या अल्बर्टो ब्रँडोलिनी यांची. भिंतीवर लांबलचक कागद लावायचा, धंद्यात जे जे घडतं ते नारिंगी चिठ्ठ्यांवर लिहून क्रमाने चिकटवायचं: ‘ऑर्डर आली’, ‘पैसे जमा झाले’. जिथे मतभेद, तिथे गुलाबी चिठ्ठी.

‘माल परत आला’पाशी गाडी अडली. आम्हा डेव्हलपरांच्या लेखी ग्राहकाने बटण दाबलं की काम झालं. गोदाम सांभाळणाऱ्या ताई उठल्या आणि मध्ये चार चिठ्ठ्या लावल्या: पिकअप झाला, खोका उघडला, तपासणी झाली, माल नापास ठरला. रिफंडच्या तक्रारी कुठून येतात ते सगळ्यांना तिथेच दिसलं! अशा चर्चेला गोदामातली माणसं हवीतच, मॅनेजर एखादा कमी असला तरी चालेल. सोमवारी ताईंसोबत ‘नापास’पासून पुढे.