ज्ञानेश्वरचे दोन नंबर

ज्ञानेश्वर हे नाव इंग्रजीत किती प्रकारांनी लिहिता येतं, हे मी २०२० सालच्या दिवाळीआधीच्या सोमवारी मोजलं. सातव्या स्पेलिंगला एका पोराची हरवलेली पावणेदोन वर्षं सापडली.

मी कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या एका शाखा कार्यालयात काउंटरवर बसते. पुण्याच्या उत्तरेकडच्या कारखान्यांचा भाग आमच्याकडे येतो. लोक आम्हाला नुसतं 'ईएसआय' म्हणतात. आजारपण, बाळंतपण, कामावरचा अपघात यांचे क्लेम रोजचेच. पण काम गेल्यावरही इथून पैसे मिळतात, हे त्या वर्षापर्यंत फार थोड्यांना माहीत होतं. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना १ जुलै २०१८ला सुरू झाली. काम सुटलेल्या विमाधारकाला रोजच्या सरासरी कमाईच्या २५ टक्के रक्कम, जास्तीत जास्त ९० दिवसांची, आणि तीही आयुष्यात एकदाच. लॉकडाउननंतर, ऑगस्ट २०२०मध्ये, २४ मार्च ते ३१ डिसेंबर या काळात काम गेलेल्यांसाठी ती ५० टक्के झाली. शिवाय क्लेम कंपनीमार्फतच यायला हवा, ही अट काढून टाकली. माझ्या मते हा बदल रकमेपेक्षाही मोठा. ज्यानं कामावरून काढलं त्याच्याच दारात शिक्क्यासाठी उभं राहायचं, हे बावीस-तेवीस वर्षांच्या पोराला जमत नाही. तो क्लेमच सोडून देतो.

त्या महिन्यात आमच्या दारात जमिनीवर पांढरे गोल आखले होते आणि प्रत्येक गोलात एक तरुण उभा असायचा. बीड, लातूर, नांदेड, हिंगोलीची मुलं. तोंडाला मास्क, काखेत प्लास्टिकची पिशवी, त्यात आधार कार्डाची झेरॉक्स, पासबुक, स्टँप पेपरवरचं प्रतिज्ञापत्र. (प्रतिज्ञापत्राची ती अट पुढे निघाली. तेव्हा होती.) काउंटरशी आली की आवाज खाली जायचा. "मॅडम, ते सरकारचं अनुदान मिळतंय म्हणे." मी प्रत्येकाला सांगायची, अरे, अनुदान नाही हे, विमा आहे तुझा. दर महिन्याला तुझ्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो, जुलै २०१९च्या आधी तर पावणेदोन टक्के कापला जायचा. मालकाचे सव्वातीन टक्के वेगळे. मागायला आल्यासारखा उभा राहू नकोस. ऐकून घ्यायची, पण मान काही वर व्हायची नाही. घरी पैसे पाठवायची सवय असलेल्या मुलाला घरून पैसे मागवावे लागले की तो असाच उभा राहतो.

त्या सकाळी पहिल्या तासाभरातच मी एका मुलीला परत पाठवलं होतं. पॅकिंग लाइनवर होती, एकवीस वर्षांची. नोंदणी ऑगस्ट २०१८ची, काम सुटलं मार्च २०२०ला. आमची तेव्हाची अट अशी होती की काम सुटण्याआधी किमान दोन वर्षं विम्याखाली नोकरी झालेली हवी. आणि अंशदानाचा, म्हणजे पगारातून कापून भरलेल्या हप्त्यांचा, जो सहा महिन्यांचा शेवटचा कालावधी, त्यात कमीत कमी ७८ दिवस भरलेले हवेत, शिवाय त्याआधीच्या तीन कालावधींपैकी एकातही ७८. तिचे दिवस भरपूर होते, वर्षं भरत नव्हती. सगळं दोनदा तपासलं. दुसरी कुठली नोंद नव्हती. तिनं "बरं" म्हटलं आणि विचारलं, "मॅडम, हा स्टँप पेपर परत घेतात का कुठं?" मी नाही म्हणाले. ती गेली. तो प्रश्न दिवसभर माझ्या डोक्यात होता.

ज्ञानेश्वर तिच्यानंतर दोन-तीन नंबर सोडून आला. नाव खरंच सांगते, कारण सगळी गोष्टच त्या नावाची आहे. आडनाव आणि गाव राहू दे. आयटीआय फिटर, जन्मतारीख १ जून १९९७. मराठवाड्यातली अर्धी मुलं १ जूनलाच जन्मलेली असतात. शाळेत घालताना तारीख माहीत नसली की गुरुजी तीच लिहायचे.

"काम कधी सुटलं?"

"शेवटची ड्युटी एकवीस मार्चला केली, मॅडम. शनवार व्हता. दुसऱ्या दिवशी जनता कर्फ्यू. त्याच्यानंतर बोलावलंच नाही."

जूनमध्ये तो गावी गेला. सोयाबीन काढून परत यायचं ठरवलं होतं. ऑक्टोबरच्या पावसानं सोयाबीन शेतातच भिजलं. दसऱ्यानंतर तो पुन्हा चाकणला आला. खोलीवर सहा जण, मेसचा एकच डबा दोघांत. पहाटे साडेपाचला उठून पहिल्या शिफ्टच्या आधी कुठल्यातरी कंपनीच्या गेटवर उभं राहायचं, कुणी आलं नसलं तर आत घेतात. साडेसातला गेट बंद झालं की पुढचं गेट. "फ्रेशर नको म्हणतेत. अनुभवाचा कागद दाखव म्हणलं तर कागद ठेकेदारानं दिलाच नाही."

मी त्याचा विमा क्रमांक टाकला. नोंदणी १८ नोव्हेंबर २०१९. ऑक्टोबर ते मार्च या कालावधीत १०७ दिवस, ठेकेदारानं लिहिलेला शेवटचा दिवस ३१ मार्च २०२०. म्हणजे विम्याखाली जेमतेम साडेचार महिने. मी क्लेमच्या कोपऱ्यात पेन्सिलनं लिहिलं : अपात्र, दोन वर्षे नाहीत.

हे त्याला सांगायला मी तोंड उघडलं तेवढ्यात त्याच्या शर्टाच्या खिशात फोन उजळला. कापडातून उजेड दिसत होता. त्यानं वरूनच दाबून तो बंद केला. मिनिटभरात परत. परत बंद. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी म्हणाले, "घे की, बाहेर जाऊन बोल."

"काही नाही मॅडम, असंच हाय. तुम्ही सांगा."

मी अर्जावरची एक राहिलेली सही दाखवली. तो वाकला. डाव्या हाताच्या अंगठ्यानं त्यानं कागद दाबून धरला, आणि मला दिसलं की त्या अंगठ्याला नख नाही. नखाच्या जागी गुळगुळीत, चकचकीत कातडी, मधोमध टाक्यांची बारीक शिवण.

"हे काय रे?"

"प्रेसवर. अठराच्या गणपतीत."

"मग दवाखाना कुठला केलास?"

"सुपरवायझरनं ईएसआयच्याच दवाखान्यात नेलं. टाके घातले, तिसऱ्या दिवशी कामावर."

तो हे सहज बोलून गेला. माझा हात मात्र थांबला. ईएसआयच्या दवाखान्यात २०१८ साली याच्यावर उपचार झाले, आणि याची नोंदणी नोव्हेंबर २०१९ची कशी?

"तू आधी दुसऱ्या कंपनीत होतास?"

"कंपनी तीच. मशीन बी तीच. एकोणीसच्या दिवाळीला ब्रेक दिला, परत घेतलं तवा ठेकेदार नवा व्हता. नवीन फॉर्म भरून घेतला."

"आणि जुना नंबर? जुना कागद?"

"तो गेटवर जमा करून घेतला व्हता, मॅडम."

ब्रेक हा शब्द या पट्ट्यात लहान पोरालाही ठाऊक आहे. काही महिने झाले की काढायचं, पंधरा-वीस दिवसांनी परत घ्यायचं. पण मला राग येतो तो नव्या नंबराचा. विमा क्रमांक माणसाला आयुष्यात एकदाच मिळतो. कंपनी बदलली, ठेकेदार बदलला, तरी तोच चालवायचा असतो. नवीन ठेकेदारानं एवढंच विचारायचं असतं : बाबा, तुझा जुना नंबर आहे का? तो प्रश्न विचारायला लागतं अर्धं मिनिट. ते कुणी देत नाही, आणि एका माणसाची दोन माणसं होतात. एकाची पावणेदोन वर्षं, दुसऱ्याचे साडेचार महिने, आणि दोघंही अपात्र.

चौथ्यांदा फोन उजळला. आता मी जरा आवाज चढवला. "कुणाचा आहे फोन?"

तो गप्प. मग खाली बघत म्हणाला, "एक ठेकेदार हाय. दोन वाजता गेटवर ये म्हणतोय. दुसऱ्या शिफ्टला माणूस कमी हाय त्यांना."

"मग उचलत का नाहीस?"

"काम लागलं म्हणलं तर हे पैसे बंद व्हतील ना, मॅडम. पोरं म्हणली, ईएसआयला काम लागलेलं सांगायचं नाही."

दसऱ्यापासून गेटागेटांवर फिरून आलेला पहिला फोन हा मुलगा माझ्यासमोर उभा राहून कापत होता. मला कसंसंच झालं. मी त्याला कॅलेंडर दाखवलं. तुझं काम सुटलं ३१ मार्चला. एप्रिलचे तीस, मेचे एकतीस, जूनचे एकोणतीस, झाले नव्वद. २९ जूनलाच तुझे दिवस संपले. जे काय मिळेल ते त्या दिवसांचं. तू आज कामाला लागलास काय आणि उद्या लागलास काय, त्यातला एक रुपया कमी होणार नाही.

"खरंच?"

"अरे, घड्याळ बघ. पाऊण वाजलाय."

"कागद राहू देऊ का हितंच?"

"राहू दे. जा."

तो पिशवी तिथंच टाकून पळाला. पांढऱ्या गोलांमधली मुलं बाजूला झाली.

जेवणाच्या सुट्टीत मी शोधायला बसले. नाव आणि जन्मतारीख टाकून बघायचं, एवढंच हातात होतं. तारीख १ जून असल्यानं यादी संपता संपेना. आधारवर त्याचं नाव डी-एन-वाय-ए असं सुरू होतं. ते नाही सापडलं. नावाच्या शेवटाकडे डब्ल्यूच्या जागी व्ही घातला. मग वायनंतरचा ए काढला, मग दोन ए घातले. मग डी काढून नुसत्या एनपासून. मग जे-एन, संस्कृतवाले लिहितात तसं. सहा झाले. शेजारच्या टेबलावरचे सहकारी जुने, निवृत्तीला आलेले. त्यांना मी मोठ्यानं विचारलं, "ज्ञानेश्वर अजून कसा लिहिता येईल हो?" ते डबा खाता खाता म्हणाले, "लिहिणारा मराठी होता का पण?"

खरंच की. 'ज्ञ'चा उच्चार आपण 'द्न्य' करतो, हिंदीत 'ग्य' करतात. टाइम ऑफिसातला माणूस बाहेरचा असेल, तर पोरानं तोंडी सांगितलेलं नाव त्यानं त्याच्या कानानं लिहिलं असणार. मी जी-वाय-ए घातलं.

ग्यानेश्वर. जन्म १ जून १९९७. वडिलांचं नाव विठ्ठल, त्यातही एक टी कमी. वारसाच्या रकान्यात आईचं नाव, आणि ते आधारच्या कागदाशी अक्षरन् अक्षर जुळत होतं. नोंदणी फेब्रुवारी २०१८, शेवटचं अंशदान ऑक्टोबर २०१९. फोटोत वीस वर्षांचा, मिसरूड फुटलेला तोच मुलगा.

खोडरबर घेऊन मी कोपऱ्यातली पेन्सिल पुसली. मग त्याच क्लेमच्या मागे हिशोब मांडला. एप्रिल २०१८ ते मार्च २०२० या चार कालावधींची दोन्ही नंबरांवरची कमाई मिळून २,६२,८०० रुपये. भागिले ७३० दिवस, रोजचे ३६०. त्याचे निम्मे १८०. गुणिले ९०, म्हणजे १६,२०० रुपये. चूक असेल म्हणून पुन्हा केला. तितकेच आले.

पुढचं काम कागदांचं. दोन्ही नंबर एकाच माणसाचे आहेत असं पत्र, आधार, त्याचं लेखी निवेदन, जुन्या ठेकेदाराचा दाखला. जुन्या ठेकेदाराला मी चार फोन केले, दाखला आला. वरच्या कार्यालयातून मंजुरी आली तोवर दिवाळी होऊन डिसेंबर उजाडला होता. त्या दिवसानंतर मी प्रत्येक अपात्र क्लेमवाल्याला एकच प्रश्न विचारते, याआधी ईएसआयच्या दवाखान्यात कधी गेला होतास का? त्यातून आणखी काही जण सापडले. ट्रेनी म्हणून राबलेल्यांना मात्र हा प्रश्न विचारून उपयोग नसतो. अॅप्रेंटिस कायद्याखाली घेतलेला मुलगा ईएसआयच्या व्याख्येतच बसत नाही. मशीन तीच, शिफ्ट तीच, धोका तोच, पण त्या वर्षांची आमच्याकडे नोंद नसते. त्यांच्यापुढे माझ्याकडे कुठलंच सातवं स्पेलिंग नाही, आणि हे त्यांना तोंडावर सांगताना मला अजून जड जातं.

ज्ञानेश्वरला त्या सोमवारी दुसऱ्या शिफ्टला घेतलं होतं. हे मला मंगळवारी सकाळी कळलं. काउंटर उघडून दहा मिनिटं झाली असतील, ऑफिसचा फोन वाजला. मागे मशीनचा आवाज.

"मॅडम, मी ज्ञानेश्वर. काल तुमच्याकडं पिशवी राहिलेला. मी टाइम ऑफिसात हाय. हे ईएसआयचा फॉर्म भरून घ्यायलेत. नवीन नंबर काढू म्हणतेत."

"काढू देऊ नकोस. फोन दे त्यांना."

पलीकडून एक कंटाळलेला आवाज आला, "हां मॅडम, बोलिए."

मी त्याला जुना नंबर एकेक आकडा करून सांगितला, आणि त्याच्याकडून वाचून घेतला. मग म्हणाले, अब नाम लिखिए. डी. एन. वाय. ए. पलीकडे पेन थांबलं. "डी से?" त्यानं विचारलं. "हां, डी से," मी म्हणाले, आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.