जुन्या पुस्तकांचा मेळावा

आमच्या शाळेत दरवर्षी २ एप्रिलच्या सुमारास चित्रपुस्तकांचा मेळावा भरायचा. तो परीकथा लिहिणाऱ्या हान्स ख्रिश्चन अँडरसनचा जन्मदिवस. १९६७पासून आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन म्हणून साजरा होतो. आमच्या लेखी मात्र तो आजी-आजोबांना वर्गातल्या बाकावर बसवायचा दिवस. अट एकच, घरातल्या निदान दोन पिढ्यांनी हाताळलेलं पुस्तक आणायचं. कोरं करकरीत पुस्तक घेऊन येणाऱ्याची आम्हाला कीव यायची.

पिना गंजलेल्या, कडा पिवळ्या पडलेल्या, पाठपुठ्ठा निखळलेला. चिकटपट्टीने जोडलेली पानं लांबूनच ओळखू यायची. पट्टी कधीच गळून गेलेली आणि तिचा तपकिरी डाग चित्रातल्या राजाच्या नाकावर बसलेला. एका पुस्तकाच्या पहिल्या पानावर एकाखाली एक तीन नावं होती, शेवटचं तर उलट्यासुलट्या अक्षरांत.

वाचन सुरू झालं की खरी मजा. आज्या मजकूर वाचायच्या, नातवंडं चित्रं वाचायची. "आजी, थांब ना, मांजर कुठे गेलं?" गोष्टीत मांजर नव्हतंच; चित्रकाराने ते प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात दडवलेलं. आजी थक्क. "तुझ्या बाबाला इतक्यांदा वाचून दाखवलं, मला कसं दिसलं नाही?" मागून बाबा म्हणाले, "मला दिसायचं गं आई. पण मी बोट ठेवेपर्यंत तू पान उलटलेलं असायचंस."

एरवी कडक असलेल्या आमच्या बाई त्या दिवशी पुस्तक कसं बनतं ते सांगायच्या. मोठा कागद दुमडून १६ पानांचा फर्मा होतो, असे दोन फर्मे म्हणजे ३२ पानं, आणि बहुतेक चित्रपुस्तकं तेवढीच. आजोबांचा घसा बसायच्या आत गोष्ट संपते ती त्यामुळेच, असं आम्ही आपलं ठरवून टाकलं होतं.

एका आजोबांना अक्षरं दिसत नसत. नात पानं उलटायची, ते तोंडपाठ सांगायचे. मधलं एक पान फाटून हरवलेलं होतं, पण आजोबा न अडखळता त्या पानावरची नदी ओलांडून पुढे गेले. पुढच्या वर्षी नातीने ते पान स्वतः काढून पुस्तकात चिकटवून आणलं. आजोबांच्या सांगण्यात नाव होती. हिने पूल काढला होता, वर हत्तीही घातला होता. त्यावरून वर्गात जे भांडण जुंपलं, ते सोडवायला बाईंना पुढचं वाचन थांबवावं लागलं.