जेन करताना वाफ कधी द्यावी
रंगारी लोकरीच्या लडी उकळीला आलेल्या पाण्यात बराच वेळ ठेवतात, तरी त्या आटून घट्ट होत नाहीत, कारण त्यांना कोणी रगडत नाही. हाताने जेन, म्हणजे लोकर रगडून घट्ट केलेले कापड, करणाऱ्याने उष्णतेकडून किती अपेक्षा ठेवावी, हे यावरून कळते. लोकरीच्या तंतूवर टोकाकडे झुकलेले खवले असतात. त्यामुळे रगडताना तंतू मुळाच्या दिशेने सरकतो आणि सहसा मागे येत नाही, आणि असे असंख्य तंतू एकमेकांत गुंतले की विणीशिवाय कापड तयार होते. उष्णता आणि ओलावा तंतूला मऊ करतात, साबण त्याची वाट सोपी करतो, पण त्याला सरकवावे लागते ते हातांनीच.

आपल्याकडच्या दख्खनी मेंढीच्या लोकरीबाबत उष्णता आणि रगडणे यांतला हा फरक अधिक जाणवतो. मेरिनो मेंढीचा तंतू जाडीला २० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीच्या बाजूला मिळणारी काळी लोकर त्याहून बरीच जाड आणि राठ असते. ती उशिरा घट्ट होते, म्हणून पाणी अधिक कढत करण्याचा मोह होतो, आणि माझ्या मते काम बिघडते ते तिथेच. सुरुवातीलाच जास्त उष्णता देऊन जोराने रगडले, तर वरचा पापुद्रा आवळतो आणि आतला थर सुटा राहतो.

म्हणून पिंजलेल्या लोकरीचे आडवे-उभे थर मांडून, त्यावर मच्छरदाणीची जाळी घालून मी आधी कोमट साबणपाणी शिंपडते आणि मग वाफ देते. एक ग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता बाहेर पडते, तर एक ग्रॅम उकळते पाणी ४० अंशांपर्यंत निवताना साठच्या आसपासच देते. त्यामुळे थोड्याशा ओलाव्यात उष्णता आतपर्यंत पोचते आणि साबण वाहून जात नाही. हात भाजतो तोही याच कारणाने. घरी पंच्यात गुंडाळलेली या थरांची लहान वळी मोदकपात्रात काही मिनिटे ठेवली तरी पुरते. प्रेशर कुकर मात्र वापरू नये, कारण सुटा तंतू वाफेच्या वाटेत अडकू शकतो.

त्यानंतर जाळीवरून हलका हात फिरवत राहावे आणि अधूनमधून जाळी उचलून वरची लोकर चिमटीत धरून पाहावी. सुटे तंतू वर आले, तर अजून वेळ आहे. चिमटीबरोबर सगळा थर उचलला गेला, तरच कढत पाणी घेऊन वळी चटईत जोराने लाटावी. ज्या दिशेने लाटू, त्या दिशेने जेन अधिक आटते, म्हणून दर खेपेला ते फिरवून घेणे भाग आहे.

वाफेचा दुसरा उपयोग शेवटी, आकार देताना होतो. टोपी करायची असेल, तर साबण धुऊन, शेवटच्या पाण्यात थोडे व्हिनेगर घालून, वाफेवर मऊ झालेली टोपी साच्यावर ताणून बसवावी आणि पूर्ण सुकेपर्यंत काढू नये. कोल्हापूरच्या जुलैत याला फार वेळ लागतो, कारण लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा हवेतून शोषूनही हाताला कोरडीच लागते. त्या दिवसांत हाताच्या अंदाजावर विसंबून न राहता टोपी साच्यासकट पंख्याखाली ठेवावी आणि वाटले त्याहून एक दिवस जास्तच राहू द्यावी.