अटकेनंतरचे पहिले काही तास आणि काउंटी जेलची नोंद

अमेरिकेत शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या आपल्या माणसाला पोलिसांनी नेले, एवढे रूममेटकडून किंवा शेजाऱ्याकडून कळते आणि त्यापुढे काहीच कळत नाही. अशा वेळी घरच्यांचा पहिला प्रश्न "त्याने काय केले?" हा नसतो, तर "तो आता कुठे आहे?" हा असतो. इथल्या मराठी मंडळींपैकी ज्यांना असे फोन येतात त्यांच्यापैकी मी एक आहे. या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा एका सार्वजनिक नोंदीत असते आणि ती नोंद बहुतेक ठिकाणी इंटरनेटवर, एक पैसाही न देता पाहता येते. तरीही घाबरलेली कुटुंबे ती भलत्याच ठिकाणी शोधत राहतात, म्हणून हे जरा सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात काउंटीपासून, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या राज्याच्या विभागापासून, करावी. अटक शहराच्या पोलिसांनी केली असली तरी त्या माणसाला बहुधा काउंटी जेलमध्ये नेले जाते, आणि ते जेल बहुतेक ठिकाणी काउंटीचा शेरीफ, म्हणजे तिथला पोलिसप्रमुख, चालवतो. शिक्षा झालेल्या कैद्यांचे राज्य तुरुंग वेगळे आणि त्यांची यादीही वेगळी, त्यामुळे काल रात्री पकडलेला माणूस राज्याच्या यादीत सापडत नाही. देशात तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत, प्रत्येकीची नोंद स्वतंत्र आहे आणि सगळ्या जेलांची मिळून अशी एकच सरकारी यादी नाही. इथे महत्त्वाचे ठरते ते अटकेचे ठिकाण, माणसाचा राहण्याचा पत्ता नव्हे. टेक्सासमधील फ्रिस्को हे शहर कॉलिन आणि डेंटन अशा दोन काउंट्यांत विभागलेले आहे. त्यामुळे तिथे गाडी रस्त्याच्या नेमक्या कोणत्या भागात अडवली गेली यावर कोणते संकेतस्थळ उघडायचे हे ठरते, आणि शंका असेल तर दोन्ही उघडावीत. लुइझियानात काउंटीऐवजी पॅरिश असते. कनेटिकट, ऱ्होड आयलंड, डेलावेअर, व्हरमाँट आणि हवाई या राज्यांत स्थानिक जेलेही राज्य सरकारच चालवते, म्हणून तिथे राज्याच्या करेक्शन, म्हणजे तुरुंग, खात्याची यादी पाहावी. न्यूयॉर्क शहराचे स्वतःचे करेक्शन खाते आहे. काउंटीचे नाव आणि "शेरीफ", "जेल रोस्टर" किंवा "इन्मेट सर्च" असे शब्द घालून शोधले की अधिकृत पान सापडते. ते खरोखर सरकारी आहे ना, हे पत्त्यावरून तपासून घ्यावे, कारण शोधाच्या निकालांत त्याच्याही वर अनेकदा खासगी पाने येतात. त्यांच्याविषयी पुढे लिहितो.

नाव लगेच दिसले नाही तर धीर सोडू नये. जेलमध्ये आणल्यावर बोटांचे ठसे घेतात, छायाचित्र काढतात, अंगावरच्या वस्तूंची यादी करतात, आजार आणि औषधे विचारतात, आणि या सगळ्यानंतर किंवा हे चालू असतानाच नोंद तयार होते. गर्दीच्या रात्री, विशेषतः शनिवारी-रविवारी, यात बरेच तास जातात. काही काउंट्यांची यादी सतत ताजी होत असते, तर काहींची दिवसातून एकदाच. शिवाय त्याला आधी रुग्णालयात नेलेले असू शकते, किंवा शहराच्या ठाण्यातील छोट्या कोठडीत थांबवून ठेवलेले असू शकते. जेलच्या बुकिंग डेस्कला, म्हणजे ही नोंद करणाऱ्या विभागाला, सरळ फोन करावा, पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगावी आणि तो तिथे आहे का एवढेच विचारावे. घडलेल्या प्रकाराची बाजू तिथे मांडत बसण्यात काही हशील नाही. फोन उचलणाऱ्याला त्याविषयी काहीही ठरवण्याचा अधिकार नसतो.

मराठी माणसांच्या बाबतीत सर्वाधिक घोटाळा होतो तो नावाच्या स्पेलिंगचा, आणि इथे थोडे थांबायला हवे. क्षीरसागर आडनावातला "क्ष" रोमन लिपीत निरनिराळ्या प्रकारे लिहिला जातो. वाघमारे "व्ही"ने की "डब्ल्यू"ने, हे घराघरानुसार बदलते. पासपोर्टवर वडिलांचे नाव पुष्कळदा गिव्हन नेममध्ये जोडलेले असते, त्यामुळे नोंद करणारा कधी ते मधले नाव म्हणून लिहितो, कधी आडनावाला चिकटवतो, तर कधी नाव आणि आडनाव यांची अदलाबदलच करतो. ज्यांच्या पासपोर्टवर सगळे नाव एकाच रकान्यात आहे त्यांच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी "एफ एन यू", म्हणजे नाव अज्ञात असल्याची खूण, छापलेली असते, आणि जेलच्या यादीतही ती तशीच उतरू शकते. म्हणून आडनावाची पहिली तीन-चार अक्षरेच घालून शोधावे. नाव उलटे करून पाहावे. ज्या पानावर मागील चोवीस तासांतील सगळ्या नोंदी एकत्र दिसतात तिथे नाव न घालता ती यादीच वरपासून खालपर्यंत वाचावी. जन्मतारीख विचारली तर इथे महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात हे लक्षात ठेवावे. चार जुलै हा सात एप्रिल झाला की "नोंद सापडली नाही" असे उत्तर येते आणि घरच्यांच्या पोटात गोळा उठतो.

नोंद उघडल्यावर जे दिसते ते शांतपणे वाचायला हवे. बुकिंग क्रमांक आधी कागदावर उतरवून घ्यावा, कारण वकील, जामीनदार आणि जेलच्या फोनसाठी पैसे भरण्याची व्यवस्था या सगळ्यांकडे तोच लागतो. त्याखाली अटक करणारी यंत्रणा, आरोप, जामिनाची रक्कम आणि, ठरली असेल तर, न्यायालयाची तारीख असते. आरोपाची ओळ वाचून घरचे हादरतात, पण ती ओळ पोलिसांची असते. सरकारी वकील तो आरोप नंतर बदलू शकतो, कमी करू शकतो किंवा खटलाच दाखल करत नाही. "नो बाँड" या शब्दांनीही अनेकांचा धीर खचतो. पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच असतो की न्यायाधीशाने अजून जामीन ठरवलेला नाही. मात्र "होल्ड" किंवा "डिटेनर" असा शब्द दिसला तर तो गांभीर्याने घ्यावा. त्याचा अर्थ दुसऱ्या काउंटीने किंवा इमिग्रेशन खात्याने आपलाही दावा लावून ठेवला आहे, आणि अशा वेळी घाईने जामिनाचे पैसे भरण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलणे आवश्यक असते. जामिनाच्या पद्धतीही राज्यागणिक वेगळ्या आहेत. अनेक राज्यांत जामीनदार कंपनी सुमारे दहा टक्के रक्कम घेते आणि ती परत मिळत नाही. इलिनॉय राज्याने सप्टेंबर 2023 पासून रोख जामीन पूर्णपणे बंद केला आहे. पहिल्यांदाच आणि किरकोळ आरोपाखाली पकडलेल्या माणसाला पुष्कळदा जातमुचलक्यावर सोडतात. तसे झाले की काही काउंट्यांच्या यादीतून त्याचे नाव नाहीसे होते, आणि ते दिसेनासे झाले म्हणून घरचे पुन्हा घाबरतात.

एखाद्याची अटक अशी चारचौघांत मांडणे क्रूर आहे, असे मला अनेक जण म्हणतात, आणि त्यांच्या भावना मी समजू शकतो. पण या नोंदीमागचे तत्त्व मला मनापासून पटते. सरकारने कोणालाही गुपचूप उचलून ठेवू नये, पकडले असेल तर कोणाला, कधी, कशासाठी आणि कुठे ठेवले आहे हे लोकांना विचारता यावे, हे ते तत्त्व. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात अटकेची आणि बुकिंगची वेळ, अटकेचे ठिकाण, सर्व आरोप, जामिनाची रक्कम आणि सुटका कशी झाली किंवा माणूस कुठे आहे ही माहिती, मोजके अपवाद वगळता, जाहीर करण्याची तरतूद आहे. वॉरंटशिवाय अटक झाली असेल तर त्या अटकेला पुरेसा आधार आहे का हे न्यायाधीशाने सर्वसाधारणपणे 48 तासांच्या आत पाहिले पाहिजे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये रिव्हरसाइड काउंटीच्या खटल्यात सांगितले, आणि त्या मोजणीतून शनिवार-रविवार वगळलेले नाहीत. नोंदीतील वेळ उघड असल्यामुळेच वकील हे तास मोजू शकतो. या माहितीचा दुसरा उपयोग पीडितांना होतो. केंटकीतील लुईव्हिल परिसरात 1993 मध्ये एका तरुणीची तिच्या पूर्वीच्या प्रियकराने हत्या केली. तो जेलमधून सुटला आहे हे तिला कोणी कळवलेच नव्हते. त्यानंतर 1994 मध्ये तिथे "व्हाइन" ही सूचना देणारी व्यवस्था सुरू झाली आणि ती आता अनेक राज्यांत आहे. कोठडीतला माणूस सुटला किंवा हलवला गेला की तिच्यावर नाव नोंदवलेल्या कोणालाही संदेश येतो, आणि कुटुंबीयांनाही तिचा उपयोग करता येतो.

काउंटीच्या यादीत कितीही शोधून नाव सापडले नाही तर आणखी दोन दारे आहेत. इमिग्रेशन खात्याच्या ताब्यातील प्रौढ व्यक्तीसाठी "आईस" या इमिग्रेशन कायद्याच्या अंमलबजावणी यंत्रणेचा वेगळा शोध आहे. त्यात एलियन क्रमांक (परदेशी व्यक्तीला इमिग्रेशन खात्याने दिलेला क्रमांक) आणि जन्मदेश, किंवा खात्याने नोंदवलेले नेमके नाव आणि जन्मदेश घालावा लागतो, म्हणजे वर सांगितलेली स्पेलिंगची अडचण इथे अधिकच जाचते. संघराज्य सरकारच्या तुरुंगांसाठी ब्युरो ऑफ प्रिझन्सची यादी आहे, परंतु नुकत्याच झालेल्या अटकेसाठी तिचा फारसा उपयोग नाही, कारण खटला व्हायचा असलेला संघीय आरोपी मार्शल खात्याच्या, म्हणजे संघीय न्यायालयांसाठी आरोपी सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या, ताब्यात असतो आणि अनेकदा एखाद्या काउंटी जेलमध्येच ठेवलेला असतो. अल्पवयीन मुलांच्या नोंदी सर्वसाधारणपणे सार्वजनिक नसतात, तिथे पालकांनी थेट विचारावे. भारतीय वकिलातीला कळवण्याचा हक्क 1963 च्या व्हिएन्ना कराराने दिलेला आहे, पण भारताच्या बाबतीत तो अटक झालेल्या माणसाने मागितला तरच अमलात येतो, आपोआप नव्हे.

आता त्या खासगी पानांविषयी. सरकारी यादीतील छायाचित्रे उचलून ती वर्षानुवर्षे टांगून ठेवायची आणि काढण्यासाठी पैसे मागायचे, असा धंदा अनेक संकेतस्थळांनी केला. जॉर्जियाने 2013 मध्ये त्याविरुद्ध कायदा केला, कॅलिफोर्नियाचा कायदा 2015 पासून लागू झाला आणि इतर राज्येही त्या वाटेने गेली. निर्दोष सुटलेल्या मुलाचा चेहरा अशा पानावर राहणे हा अन्याय आहे, आणि तिथे पैसे देऊ नयेत, असे मी आग्रहाने सांगतो. तिथली माहिती पुष्कळदा शिळी असते, सुटका झाल्याचे तिथे कोणी नोंदवत नाही. दुसरा धोका फोनवरून येतो. नोंद उघड असल्यामुळे आरोप आणि जामिनाचा आकडा भामट्यालाही ठाऊक असतो, आणि तो वकील किंवा अधिकारी असल्याचे भासवून घरच्यांकडे पैसे मागतो. गिफ्ट कार्डाने कोणतेही न्यायालय जामीन भरून घेत नाही. असा फोन ठेवून द्यावा आणि अधिकृत पानावरील क्रमांकावर आपण स्वतः फोन करावा. जेलमधून त्या माणसाचाच फोन आला तर त्याची तब्येत विचारावी, वकील मिळवतो असे सांगावे, पण घटनेविषयी बोलू नये. वकिलाशी होणारे संभाषण सोडले तर हे फोन रेकॉर्ड होतात, आणि मराठीत बोललो म्हणजे कोणाला कळणार नाही हा समज चुकीचा आहे.

पहिली सुनावणी झाली की जेलची नोंद मागे पडते आणि खरी माहिती न्यायालयाच्या क्लार्ककडे, म्हणजे तिथली कागदपत्रे सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे, असते. तिथे खटल्याचा क्रमांक घेऊन दाखल झालेले आरोप, तारखा आणि निकाल पाहावेत. व्हिसावर असलेल्या माणसाने गुन्हा कबूल करण्याआधी इमिग्रेशनवर होणारा परिणाम विचारून घ्यावा. कबुलीमुळे देशाबाहेर जावे लागण्याचा धोका असेल तर त्याविषयी सल्ला देणे हे फौजदारी वकिलाचे कर्तव्य आहे, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा निर्णय आहे. खटला रद्द झाला तरी व्हिसाच्या अर्जात कधी अटक झाली होती का हा प्रश्न येतोच, आणि तिथे खरे उत्तर द्यावे लागते. म्हणून निकालाची शिक्क्याची प्रमाणित प्रत, जिला इथे "सर्टिफाइड डिस्पोझिशन" म्हणतात, क्लार्ककडून लगेच मागून घ्यावी. ती किमान दोन प्रतींत घ्यावी, आणि राज्याच्या कायद्यानुसार नोंद सील करण्याचा, म्हणजे ती लोकांच्या नजरेआड बंद करण्याचा, अर्ज करायचा असेल तर ती प्रत आधी हातात घेऊन मगच करावा, कारण नोंद सील झाल्यानंतर तोच कागद मिळवणे अवघड होऊन बसते.